कायझेनचा बोर्ड आणि कामगाराचं मन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलेला प्रश्न आज सविस्तर घ्यायचा असं ठरलं होतं. ते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर बघतात. त्यांचा प्रश्न असा होता, "आम्ही फाइव्ह एस आणलं, कायझेन आणलं, बक्षिसं ठेवली, बाहेरून ट्रेनर बोलावले. पण लोकांची मानसिकताच बदलत नाही. काय करायचं?" सभागृहात तेव्हा बऱ्याच माना डोलल्या होत्या. उत्तर आम्हाला तेव्हाही थोडंफार सुचलं होतं, पण ते दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं आणि त्यात आमचीही थोडी बेअब्रू होती. ती आज करून घेऊ.

'आम्ही' म्हणजे कोण, हे नव्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, सुधारणेचे कार्यक्रम राबवण्यात उमेदीची वर्षं घालवलेली आम्ही तीन माणसं. एक जण बोलतो, टिपणं तिघांची असतात. चुकाही तिघांच्याच.

तर मानसिकता. या शब्दाशी आमचं भांडण आहे. तो असा वापरला जातो, जणू माणूस घरून डब्याबरोबर मानसिकता घेऊन येतो, ती खराब निघते आणि कंपनीला ती धुऊन घ्यावी लागते. आमचं म्हणणं उलटं आहे. सुधारणेबद्दल कामगाराचं जे मत असतं, ते बहुतेक वेळा कंपनीतच तयार झालेलं असतं. आधीच्या कार्यक्रमांनी ते तयार केलेलं असतं. तुमचा कार्यक्रम पाचवा असेल, तर पहिल्या चारांचा निकाल तुमच्यासमोर हाताची घडी घालून बसलेला असतो.

बोर्डापासूनच सुरुवात करू. शॉप फ्लोअरवर कायझेनचा बोर्ड असतो. डावीकडे 'आधी'चा फोटो, उजवीकडे 'नंतर'चा. माणशी महिन्याला दोन कायझेन, असं टार्गेट. महिन्याचे पहिले पंचवीस दिवस बोर्डाकडे कोणी बघत नाही. शेवटच्या दोन दिवसांत सुपरवायझर फॉर्म घेऊन फिरतो. मग झाडू अडकवायला खिळा ठोकला, हा एक कायझेन. डस्टबिनला लाल रंग दिला, हा दुसरा. पुढच्या वर्षी त्याच डस्टबिनला निळा. जुनी मंडळी तर चार-सहा किरकोळ सुधारणा मुद्दाम शिल्लक ठेवतात, अडीअडचणीला उपयोगी पडतात म्हणून. नवीन पोराला उसन्याही देतात. (हशा) हसताय, म्हणजे बघितलेलं आहे.

आता हे लोक आळशी आहेत का? अजिबात नाही. मशीन का थरथरते, कुठल्या लॉटचं मटेरियल कडक येतं, तिसऱ्या शिफ्टला हवेचा दाब का पडतो, हे त्यांना मेंटेनन्सच्या आधी कळतं. ते बोर्डावर येत नाही, एवढंच. का येत नाही, तोच आजचा विषय.

'कायझेन' हा शब्द जगभर नेला तो मसाआकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकाने. पुस्तक वाईट नाही. आम्ही ते तरुणपणी झपाटल्यासारखं वाचलं होतं. त्यातला एक विचार आजही मोलाचा वाटतो. निकालावर नजर ठेवणारं व्यवस्थापन आणि प्रक्रियेवर नजर ठेवणारं व्यवस्थापन यांत इमाई फरक करतात. माणसाने किती मिळवलं यापेक्षा तो कसं काम करतोय, काय प्रयत्न करतोय, याची दखल घ्या, असं त्यांचं म्हणणं. पण पुस्तकाच्या मागून प्रशिक्षणाची जी लाट आपल्याकडे आली, तिने काय केलं? प्रक्रियेकडे बघायला सांगणाऱ्या विचाराचंच टार्गेट केलं. माणशी दोन. डेमिंग यांचंही तेच झालं. त्यांच्या १४ मुद्द्यांतला आठवा भीती घालवा असं सांगतो आणि दहावा भिंतीवरच्या घोषणा, उपदेश काढून टाका असं सांगतो. आम्ही एका कंपनीत हे चौदाही मुद्दे, डेमिंग यांच्या फोटोसकट, भिंतीवर पोस्टर करून लावलेले बघितले आहेत. दहावा मुद्दाही त्यात होता.

या लाटेतून आणखी एक समज पसरला: जपानी माणसाची वृत्तीच तशी, शिस्त रक्तातच, आपल्याकडे कसं जमणार! इथे थोडा इतिहास बघायला हवा, कारण तो ट्रेनिंगच्या स्लाइडवर नसतो. १९५० साली टोयोटा बुडायला आली होती. बँकांनी कर्जासाठी माणसं कमी करण्याची अट घातली, संप झाला, काम ठप्प झालं. अखेर बरेच कामगार कंपनी सोडून गेले आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध सुरू झालं, ट्रकच्या ऑर्डर आल्या आणि कंपनी तरली. कामगारांच्या सूचनांची योजना टोयोटाने १९५१ मध्ये सुरू केली, फोर्डच्या अमेरिकेतल्या कारखान्यात तशी योजना बघून आल्यावर. म्हणजे योजना अमेरिकन आणि पार्श्वभूमी कडवट संपाची. १९६२ मध्ये कंपनी आणि युनियन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला, तोपर्यंत मधे बारा वर्षं गेली होती. रक्तात वगैरे काही नव्हतं. वाटाघाटी होत्या, आणि नोकरी जाणार नाही हा हळूहळू बसलेला भरवसा होता.

आता अमेरिकेतलं एक उदाहरण. यावर आज जरा जास्त वेळ घालवू, कारण मानसिकतेच्या प्रश्नावर इतकी स्वच्छ परीक्षा क्वचितच झाली असेल. कॅलिफोर्नियात फ्रिमॉन्ट इथे जनरल मोटर्सचा कारखाना होता. बदनाम. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास, हजारो तक्रारी तुंबलेल्या, दर्जा कंपनीतल्या सर्वांत वाईटांपैकी. १९८२ मध्ये तो बंद झाला. दोन वर्षांनी टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच कारखाना 'नुम्मी' या नावाने उघडला. चालवायला टोयोटा. इमारत तीच, युनियन तीच, आणि सुरुवातीला घेतलेले बहुसंख्य कामगारही जुन्याच कारखान्यातले. ज्यांची 'मानसिकता' जगाला माहीत होती, तीच माणसं. वर्ष-दोन वर्षांत तिथला दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचला आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकाने तिथे बराच काळ अभ्यास करून १९९३ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यात सूचना योजनेतल्या सहभागाचे आकडे आहेत: १९८६ मध्ये २६ टक्के कामगार, १९९१ मध्ये ९२ टक्के.

हे कशाने झालं? भाषणांनी नाही. तीन गोष्टी बघा. पहिली, करारातलं कलम. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कपात नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरिष्ठांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेलं काम आत आणायचं. १९८८ मध्ये याची कसोटी लागली. गाड्या खपेनात, कारखान्याची बरीच क्षमता रिकामी पडली. नेहमीच्या रीतीने शेकडो लोक घरी गेले असते. तिथे कोणालाही काढलं नाही. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. आमच्या मते, त्या कारखान्यातलं सर्वांत परिणामकारक ट्रेनिंग तेच होतं, आणि ते वर्गाबाहेर झालं.

दुसरी, दोरी. लाइनवर अडचण आली की ओढायची दोरी. आधी फ्रिमॉन्टमध्ये लाइन थांबवणं म्हणजे पाप. नुम्मीत दोरी ओढली की टीम लीडर धावत यायचा आणि विचारायचा, काय झालं? 'कोणी केलं' असं नव्हे. हा फरक लहान वाटतो. ज्याने एकदा लाइन थांबवून शिव्या खाल्ल्यात त्याला विचारा.

तिसरी गोष्ट अ‍ॅडलर यांनी नेमकी पकडली. स्टॉपवॉच कोणाच्या हातात? आपल्याकडे घड्याळ घेऊन आयई डिपार्टमेंटचा माणूस आला की कामगाराचा हात आपोआप संथ होतो. हे आम्ही सगळे जाणतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. नुम्मीत घड्याळ टीमच्याच हातात होतं. कामाची पद्धत तेच मोजायचे, तेच लिहायचे आणि तेच बदलायचे. मोजणारा आणि मोजला जाणारा एकच झाला, की मोजण्याचा अर्थच बदलतो.

पण थांबा, फक्त गोडवे गायचे नाहीत. नुम्मीवर त्याच काळात कठोर टीका झाली, आणि ती वाचल्याशिवाय नुम्मीबद्दल बोलू नये. माइक पार्कर आणि जेन स्लॉटर या कामगार चळवळीतल्या लेखकांनी या पद्धतीला तणावातून चालणारं व्यवस्थापन म्हटलं. जुन्या कारखान्यात माणूस मिनिटातले साधारण ४५ सेकंद हलत असे, नुम्मीत सुमारे ५७. त्या बारा सेकंदांत श्वास घ्यायला जागा होती, ती गेली. 'तुमच्याच सूचनेने' गेली, हे जास्त बोचणारं. आम्हाला ही टीका खरी वाटते. अ‍ॅडलर यांचं निरीक्षणही खरं वाटतं. तिथल्या कामगारांना दोन्ही एकदम माहीत होतं: काम जास्त कष्टाचं आहे, आणि तरी जुन्या कारखान्यात परत जायचं नाही. माणसाचं मत असं दुपदरी असतं. सर्व्हेच्या एक ते पाच आकड्यांत ते मावत नाही.

नुम्मीचा शेवटही सांगायला हवा. जनरल मोटर्स २००९ मध्ये दिवाळखोरीत भागीदारीतून बाहेर पडली, आणि टोयोटाने एप्रिल २०१० मध्ये कारखाना बंद केला. साडेचार हजारांहून जास्त लोकांची कामं गेली. भरवशालाही शेवटी मालकाच्या ताळेबंदाची मर्यादा असते.

आणि खुद्द जपानात? सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२ च्या सुमारास टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केलं आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात लाइनचा वेग आहे, थकवा आहे, आणि 'कायम' व 'हंगामी' यांमधली भिंत आहे. याहून गंभीर गोष्ट २००२ ची. टोयोटाच्या एका कारखान्यात ३० वर्षांचा एक कर्मचारी रात्रपाळीत कामावरच कोसळला आणि गेला. त्याच्या पत्नीने ही अतिकामाने झालेली मृत्यूची घटना आहे असं मान्य करून घेण्यासाठी लढा दिला. मुद्दा असा अडला की क्वालिटी सर्कलच्या बैठका, सूचना लिहिणं, हे सगळं शिफ्टनंतर, 'स्वेच्छेने' चालायचं. ते काम धरायचं की नाही? नागोयाच्या न्यायालयाने २००७ मध्ये निकाल दिला: ते कामच आहे. पुढच्याच वर्षी टोयोटाने क्वालिटी सर्कलच्या वेळेचा पूर्ण ओव्हरटाइम द्यायचं जाहीर केलं. म्हणजे ज्याला आपण सुधारणेची उत्स्फूर्त संस्कृती म्हणून पंचवीस-तीस वर्षं स्लाइडवर दाखवत होतो, त्यातला बराच भाग बिनपगारी ओव्हरटाइम होता, हे न्यायालयाला सांगावं लागलं. आपल्याकडे क्वालिटी सर्कल १९८० मध्ये भेलच्या हैदराबादच्या कारखान्यातून सुरू झालं आणि पसरलं. त्या बैठका कोणाच्या वेळेत होतात, हा प्रश्न आपण किती ठिकाणी विचारला? आम्हीही विचारला नाही.

आता बेअब्रूचा भाग. भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये, नाव सांगत नाही, आम्ही कायझेनचा कार्यक्रम चालवला होता. ड्रिलिंगवर एक ऑपरेटर होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. फिक्स्चरखाली बरी साचायची, पार्ट नीट बसायचा नाही आणि रिजेक्शन व्हायचं. प्रत्येक वेळी ब्रशने झाडावं लागे, आणि त्यासाठी शेजारी एक हेल्पर होता. अण्णांनी भंगारातली तांब्याची नळी वाकवून हवेच्या लाइनला जोडली आणि अशी बसवली की क्लॅम्प उघडला की फुंकर बसायची. खर्च जवळजवळ शून्य. रिजेक्शन खाली आलं, सायकल टाइमही कमी झाला. आम्ही हरखलो. फोटो काढले. वार्षिक कार्यक्रमात अण्णांना प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा मिळाला, टाळ्या झाल्या.

पुढच्या महिन्यात त्या सेलमध्ये दोन मशीनला एक माणूस केला. हेल्पर कंत्राटी होता, त्याला 'उद्यापासून येऊ नकोस' असं कंत्राटदाराने सांगितलं. तो अण्णांच्याच गावाकडचा, त्यांनीच लावलेला. अण्णांच्या वाट्याला दुसरं मशीन आलं. भांडले नाहीत, काही बोलले नाहीत. आम्ही पुढच्या राउंडला गेलो तेव्हा एवढंच म्हणाले, "साहेब, नळी चांगली आहे ना? फोटो चांगला आलाय." त्यानंतर त्या लाइनवरून दोन वर्षं रंग, खिळे आणि लेबलं याखेरीज एकही सूचना आली नाही. मॅनेजमेंटच्या आढाव्यात त्या लाइनपुढे लिहिलं होतं: 'मानसिकता – सुधारणा आवश्यक'.

आणि आम्ही काय केलं? त्या नळीचे फोटो कित्येक वर्षं ट्रेनिंगमध्ये दाखवले. 'कमी खर्चात मोठी सुधारणा.' हेल्परचा उल्लेख कधी केला नाही. आम्हाला तो दिसतच नव्हता, असं म्हणणं खोटं होईल. दिसत होता. तो आमच्या विषयात बसत नव्हता.

हा लहान शॉपचा किंवा भारतीय मालकाचा दोष आहे असं कोणी म्हणेल, म्हणून अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचं उदाहरण. अमेरिकेतली चिप बनवणारी नावाजलेली कंपनी. १९८७ पासून तिथे गुणवत्तेचा मोठा कार्यक्रम झाला, आणि तो दिखाऊ नव्हता. तीन वर्षांत बाहेर जाणारे सदोष भाग जवळजवळ दशांशावर आले, उत्पादनातला चांगला माल दुपटीच्या जवळ गेला. पण कारखान्यातली सुधारणा वेगाने झाली, आणि नवी उत्पादनं, बाजार यांत ती त्या वेगाने झाली नाही. क्षमता मोकळी झाली, तेवढं काम नव्हतं. शेअरचा भाव कोसळला आणि १९९० मध्ये कंपनीने पहिल्यांदाच कामगार कपात केली. त्यानंतर लोकांचा सुधारणेतला उत्साह ओसरला. स्टर्मन, रेपेनिंग आणि कोफमन यांनी याचा सविस्तर अभ्यास केला, तो १९९७ मध्ये छापून आला. म्हणजे कार्यक्रम यशस्वी झाल्यामुळेच त्याच्यावरचा विश्वास गेला. कोणाचाही वाईट हेतू लागला नाही. मोकळ्या झालेल्या माणसाचं काय करायचं, हे आधी ठरलं नव्हतं, एवढंच पुरलं.

त्याच १९९७ मध्ये रायकर्स, वॅनस आणि ऑस्टिन यांनी बदलाबद्दलच्या कुत्सितपणावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की हा कुत्सितपणा बराचसा शिकलेला असतो. आधीचे बदल फसलेले बघून, आणि काय चाललंय हे वेळेवर न सांगितल्यामुळे, माणसं तो शिकतात. हे आम्हाला पटतं. पण त्याच्यावरचा त्यांचा भर माहिती देण्यावर, संवादावर, चुका कबूल करण्यावर बराच आहे, तिथे आमचा पाय अडतो. अण्णांकडे माहितीची कमतरता नव्हती. त्यांना पूर्ण माहिती होती. उलट ज्या माणसाने हिशेब नीट मांडला आणि हात आखडला, त्याला आपण 'नकारात्मक' म्हणून शिक्का मारतो. बोर्डावर खिळा ठोकणारा मात्र 'सहभागी' ठरतो! मग दहा वर्षांत कंपनीत कोण उरतं? खिळेवाले. (हशा)

मग प्रश्न विचारणाऱ्या त्या सद्गृहस्थांना काय सांगायचं? पुढचा ट्रेनर बोलावण्याआधी त्यांनी स्टोअरमधून जुन्या फायली काढाव्यात. गेल्या पाच-सात वर्षांत ज्या सूचनांनी खरोखर माणूसबळ वाचलं, त्या बाजूला काढाव्यात. प्रत्येकीपुढे लिहावं: तो माणूस कुठे गेला? दुसऱ्या लाइनवर, सुधारणेच्या टीममध्ये, की गेटबाहेर? वाचलेल्या पैशातला काही भाग त्या लाइनच्या पगारात, बोनसमध्ये, निदान तिथल्या पंख्यात तरी आला का? नाकारलेल्या सूचनांना कारण कळवलं होतं का, आणि किती दिवसांनी? कंत्राटी आणि ट्रेनी मुलांच्या नावावर एक तरी फॉर्म आहे का? बऱ्याच ठिकाणी आज लाइनवर निम्म्याहून जास्त हात त्यांचेच असतात, आणि अकरा महिन्यांनी जाणाऱ्या पोराकडून आपण 'सातत्यपूर्ण' सुधारणेची अपेक्षा धरतो.

ही यादी करणं कठीण नाही, एका दुपारचं काम आहे. वेतनकराराच्या बोलणीत युनियनसमोर ती ठेवणं कठीण आहे. सुधारणेमुळे कोणाचीही, कंत्राटीचीही, रोजी जाणार नाही, हे वाक्य सहीनिशी लिहून देणं त्याहून कठीण. मार्जिन दोन-चार टक्क्यांवर आणि बड्या ग्राहकाची दरवर्षी भाव उतरवण्याची मागणी, अशा कचाट्यातल्या छोट्या पुरवठादाराला ते कदाचित जमणारही नाही, हे आम्हाला कळतं. नसेल जमत तर त्याने कायझेनचा बोर्ड लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरळ सांगावं की कामाचा वेग वाढवायचा आहे, त्याचे एवढे पैसे देतो. ते भांडण निदान उघड असेल.

आमच्या तिघांपैकी एकाचं याला सहमत नसणं नोंदवायला हवं. त्यांच्या मते अर्ध्या भरवशावरही लोक पुष्कळ सुधारणा करतात, कारण खराब बसणारा पार्ट चांगल्या कारागिराला बघवत नाही. हेही खरं आहे. अण्णांनी बोर्डावर काही दिलं नाही, पण त्यांच्या दुसऱ्या मशीनलाही काही महिन्यांत एक नळी बसलेली आम्ही बघितली. ती त्यांनी पत्र्याच्या गार्डच्या आतून नेली होती, बाहेरून दिसणार नाही अशी. आम्ही फोटो काढला नाही.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत माइक द्या.